उभी वाट, आडव्या खाड्या : मालवण किनाऱ्यावरच्या पायी प्रवासाचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की आम्ही किल्ल्यांवर किंवा आरमारावर बोलणार. कोकणचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. समुद्रातला किल्ला आणि समुद्रावरचं गलबत. तिसरा माणूस आपल्याला दिसतच नाही. डोक्यावर गाठोडं, हातात चपला, आणि ओल्या वाळूतून दक्षिणेला चाललेला. त्याचं नाव बखरीत नाही, तहनाम्यात नाही. पण तो रोज चालत होता, आणि त्याच्या वाटेत रोज एक खाडी आडवी येत होती. आज आपण त्या माणसाच्या बाजूने इतिहास बघणार आहोत.

आम्ही काही मंडळी गेली काही वर्षं हा किनारा पायी चालतो आहोत. त्यातला एक टप्पा उदाहरणादाखल घेऊ. देवगड तालुक्यातलं मुणगे ते मालवण तालुक्यातलं देवबाग. किनाऱ्याकिनाऱ्याने अंतर साधारण तीस किलोमीटर. पहाटे निघालं तर संध्याकाळपर्यंत होण्यासारखं. कागदावर एक लांबलचक दिवस. पण या तीस किलोमीटरमध्ये काय काय येतं ते बघा. मुणगे सोडलं की आचऱ्याची खाडी. मग आचरा, तोंडवळी आणि तळाशीलची लांब वाळूची जीभ. ती संपते तिथे गडनदीचं तोंड, म्हणजे कालावलची खाडी. पलीकडे रेवंडी, सर्जेकोट. मग कोळंबची खाडी. ती ओलांडली की मालवण, वायरी, तारकर्ली, देवबाग. आणि देवबागच्या टोकाला समोर कर्ली नदीचं मुख, पलीकडे भोगवे. भोगव्याला जायचं असेल तर एका दिवसात चार खाड्या झाल्या.

सह्याद्री इथून फार लांब नाही. नद्या आखूड, उताराच्या, सगळ्या पश्चिमेला धावणाऱ्या. किनारा मात्र उत्तर-दक्षिण. म्हणजे माणसाची वाट उभी आणि नद्या आडव्या. प्रत्येक नदीच्या तोंडातून समुद्र दिवसातून दोनदा आत शिरतो आणि दोनदा बाहेर जातो. त्यामुळे इथे 'नदी किती खोल आहे' हा प्रश्नच अपुरा आहे. 'किती वाजता किती खोल आहे' असं विचारावं लागतं.

आता हे वाजण्याचं गणित जरा नीट समजून घेऊ, कारण आजच्या सगळ्या विषयाची किल्ली त्यात आहे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर जवळजवळ दोन घटका. चोवीस मिनिटांची एक घटका, दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणून कोकणात एक ठोकताळा चालतो : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा ठोकताळाच आहे, अचूक वेळापत्रक नव्हे. शिवाय मुंबईच्या मानाने मालवणकडे भरती थोडी आधीच लागते. पण घड्याळ नसलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं. घरात पंचांग होतं, किंवा आकाशात चंद्र होता.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग यांची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी, तो भांग. मुंबईला उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. मालवणकडे ती त्याच्या निम्म्याच्या आसपास, दोन-अडीच मीटर. आकडा लहान वाटतो. पण दोन मीटर म्हणजे घोट्याएवढं पाणी आणि डोक्यावरून जाणारं पाणी यांतला फरक आहे.

आता पायी माणसाची अडचण बघा. उधाणाच्या दिवशी भरती सकाळी दहा-अकराच्या सुमाराला. म्हणजे पूर्ण सुकती पहाटे आणि संध्याकाळी. पाणी छान उतरतं, पण उतरतं ते अंधाराच्या कडेला. भांगाच्या दिवशी उलट. सुकती येते भर दुपारच्या आसपास, चालणाऱ्याच्या सोयीने, पण तेव्हा पाणी पुरतं उतरतच नाही. निसर्गाने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असा प्रकार आहे. शिवाय सुकतीचा खालचा टप्पा फार तर तास-दीड तास टिकतो. आचऱ्याची खाडी अगदी तळाच्या पाण्यात ओलांडली असं धरा. तिथून तळाशीलचं टोक दहाएक किलोमीटर. ओल्या वाळूत तासाला चार किलोमीटर चाललात, तर पोचेपर्यंत अडीच तास गेले. पाणी तोवर निम्मं चढलेलं. म्हणजे नियम साधा आहे : एका सुकतीत एकच खाडी. दुसऱ्या खाडीसाठी एकतर काठावर सहा तास बसा, नाहीतर दुसऱ्या कुणावर तरी विसंबा.

तो दुसरा कुणीतरी म्हणजे तारी. आणि त्याची होडी, तिची फेरी, तिची जागा, या सगळ्याला मिळून इकडे एकच शब्द होता : तर. 'तर सुटली', 'तरीवर भेटू', असं म्हणायचे. मंडळी, 'जर-तर' मधला 'तर' वेगळा. पण कोकणी माणसाचा प्रवास खरोखरच या तरीवर अडून राहिलेला असायचा!

गडनदी आणि कर्ली या काही गुडघ्याएवढ्या पाण्यातून पार होणाऱ्या नद्या नव्हेत. तिथे तर हवीच. छोट्या खाड्यांमध्ये उन्हाळ्यात उतार सापडतो, पण तोही दाखवणारा माणूस लागतो. कारण मुखावरची वाळू प्रत्येक पावसाळ्यात जागा बदलते. मागच्या वर्षीचा उतार यंदा तिथेच असेल असं नाही. आणखी एक गोष्ट तारी मंडळी सांगतात, ती बाहेरच्या माणसाला उलटी वाटते. पाणी उतरतंय म्हणून निर्धास्त होऊ नये. उतरतं पाणी समुद्राकडे ओढतं. पाय सुटला तर माणूस बाहेर जातो. चढतं पाणी निदान आत, गावाकडे ढकलतं. म्हणून सुकती संपत आली की उतरायचं आणि पाणी फिरायच्या आत पलतड गाठायची. 'पाणी चढता हा, बेगीन चला' या एका वाक्यात दहा पानांचं शास्त्र आहे.

आता या दृष्टीने आपण तीन गोष्टींकडे बघू : जत्रा, सरहद्द आणि किल्ला.

पहिली जत्रा. आपले बहुतेक उत्सव तिथीवर ठरतात. आणि भरतीही तिथीवर चालते. म्हणजे काय झालं? दरवर्षी त्या जत्रेला खाडीत पाणी त्याच वेळी त्याच पातळीच्या आसपास असणार. कुणकेश्वरची यात्रा महाशिवरात्रीची, माघ वद्य चतुर्दशीची. दुसऱ्या दिवशी अमावास्या, देवांच्या पालख्यांचं समुद्रस्नान. म्हणजे कायम उधाणाचे दिवस. पहाटे सुकती, रुंद आणि कडक वाळू. त्यावरून चालायला रस्त्यासारखं. दहा-अकराला पाणी वर. आजोबांनी सांगितलेली निघायची वेळ नातवालाही लागू पडायची. इंग्रजी तारखेवर जत्रा असती तर हे झालं नसतं. याउलट आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा. ती ठराविक तिथीला नसते. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. दिवस कळला की पंचांग उघडायचं, मग पाणी बघायचं आणि मग निघायचं.

दशावतारी मंडळींचं आयुष्य तर असंच गेलं. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम. आज या गावात, उद्या त्या गावात. रात्रभर खेळ, सकाळी पेटारा डोक्यावर आणि पुढचं गाव. मोचेमाडकर, वालावलकर ही मंडळांची नावं गावांवरून आलेली. वालावल तर कर्लीच्या काठावरच. राजाचा मुकुट, गदा, गणपतीचं सोंग, सगळं त्या पेटाऱ्यात. रात्री स्वर्ग-पाताळ एक करणारा संकासुर सकाळी तरीची वाट बघत काठावर बसलेला असायचा. आपल्या लोकनाट्याचा इतिहास लिहिताना आपण आख्यानं मोजतो, सोंगं मोजतो. हा फिरता रंगमंच ज्या होड्यांनी अलीकडून पलीकडे नेला, त्याही एकदा मोजायला हव्यात.

दुसरी गोष्ट सरहद्द. नदी आडवी आहे, ओलांडायला कठीण आहे, म्हणजे राज्यकर्त्याच्या दृष्टीने ती आयती रेघ आहे. मालवण कोल्हापूरकरांकडे, दक्षिणेचा मुलूख सावंतवाडीकरांकडे. १८१२ साली कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांनी घेतलं. पुढे १८१९च्या तहात सावंतवाडीकरांनी कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतचा किनारा इंग्रजांना दिला. तहात सुरुवात कुठून आहे बघा : कर्लीपासून. देवबागच्या टोकावर उभं राहिलं की समोर भोगवे दिसतं. मधलं पाणी म्हणजे दोन सत्तांमधली फट होती. पण लग्नं, देव, मासळी आणि भांडणं या फटीवरून रोज ये-जा करत होती. दरबाराला जी सरहद्द, ती तारीला रोजची फेरी.

पण सरहद्द नेहमी नदीचंच ऐकते असंही नाही. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला तेरेखोल बघा. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे रेडीच्या बाजूला. तो सावंतवाडीकरांचा. १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला आणि तेव्हापासून नदीच्या अलीकडचा हा एक तुकडा गोव्याचा झाला. आजही तो गोव्यातच आहे. याचा परिणाम दोनशे वर्षांनी दिसला. १५ ऑगस्ट १९५४ला गोवा मुक्तीचे सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले आणि तिथे तिरंगा लावला. ऑगस्ट महिना, भर पावसाळा, मुखावर पाणी उसळलेलं. पण त्यांना खाडी ओलांडायचीच नव्हती! भारताच्या बाजूने जमिनीवरून चालत किल्ल्यात जाता येत होतं. सत्याग्रहासाठी ही जागा निवडताना धैर्य जितकं महत्त्वाचं, तितकाच हा भूगोलही. १७४६ साली पोर्तुगीजांनी जी जमीन मिळकत म्हणून जोडली, तीच १९५४ साली त्यांची उघडी बाजू ठरली.

तिसरी गोष्ट किल्ला. सिंधुदुर्गाबद्दल आपण सगळे जाणतो. १६६४च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर कामाला सुरुवात झाली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. भोवती पाण्याखालचे खडक, त्यातून वाकडीतिकडी वाट, ती ठाऊक असलेल्यालाच होडी आत नेता येते. इथवर आपण समुद्राकडून बघतो. आता चालणाऱ्याच्या बाजूने बघा. किनारा आणि सिंधुदुर्ग यांच्यामध्ये पद्मगड आहे. सुकतीला तिथे चालत जाता येतं. भरतीला ते बेट होतं. उत्तरेला सर्जेकोट, खाडीच्या तोंडाजवळ. किनाऱ्यावर राजकोट. म्हणजे एकट्या बेटाचा नव्हे, तर पाणी, वाळू आणि खाडी या तिन्हींचा मिळून हा बंदोबस्त आहे. उत्तरेकडून वाळूवरून येणाऱ्या फौजेला आधी खाड्या पार कराव्या लागणार, तीही होड्या ताब्यात असतील तर. होड्या गावकऱ्यांच्या. आणि ही गाबीत, भंडारी मंडळी तर आरमारातच चाकरीला. तारी फिरला तर फौज अडली. किल्ल्याचा पहिला तट या अर्थाने दगडाचा नव्हताच.

म्हणूनच मालवणवर मोठा हल्ला झाला तो समुद्राकडून. १७६५ साली इंग्रजांनी आरमार आणून सिंधुदुर्ग घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं आणि लवकरच तो कोल्हापूरकरांना परत केला. ते नाव आज मालवणात कुणाच्या तोंडी नाही. नाव टिकायला लोकांच्या बोलण्यात शिरावं लागतं. तहनाम्यातली जागा त्याला पुरत नाही.

आता तरीचं पुढे काय झालं? इंग्रजी अमलात तिला कायदा लागला. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींबद्दलचा कायदा झाला. कोणती तर सार्वजनिक हे सरकार ठरवणार, उताराचे दर सरकार ठरवणार, आणि ती मक्त्याने देता येणार. गावाच्या ओळखीवर चाललेली गोष्ट दरपत्रकावर आली. यात वाईटच झालं असं समजू नका. दर ठरल्यामुळे परक्या माणसाची अडवणूक कमी झाली असणार. पण मक्ता पैसे असलेल्याकडे जाऊ शकतो आणि वल्हं मात्र ओळखीच्याच हातात राहतं, हा भेद तेव्हापासून सुरू झाला.

मग आगबोटी आल्या. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं करत त्या जायच्या. मुंबईचा चाकरमानी घडला तो या बोटींमुळे. पण आगबोट बाहेर खोल पाण्यात थांबायची. तिथून किनाऱ्यावर आणायला पडाव, आणि बंदरापासून गावाकडे जायला पुन्हा पाय आणि तर. पावसाळ्यात बोटी बंद, मुखावरच्या तरी बंद. मग नदीच्या वरच्या अंगाला, जिथे पात्र अरुंद, तिथे वळसा घालून जायचं. हा वळसा नीट लक्षात ठेवा. कारण पुढे रस्त्याने आणि रेल्वेने तोच घेतला.

इकडचे जुने मोठे व्यापारी रस्ते किनाऱ्याला समांतर नव्हतेच. ते बंदरातून निघून घाटावर जाणारे. वेंगुर्ल्याला १६३७ साली डचांनी वखार घातली. आंबोलीचा घाट, फोंड्याचा घाट, सगळे पूर्व-पश्चिम. बैलगाडी नदीच्या संगतीने जाते, नदी कापत नाही. मुंबई-गोवा महामार्ग झाला तो कणकवली, कुडाळवरून, किनाऱ्यापासून आत. १९९८ साली पूर्ण सुरू झालेली कोकण रेल्वेही आतूनच. कारण तेच : जितकं आत जाल तितकी खाडी अरुंद. मालवण, देवगड, वेंगुर्ला ही एकेकाळची दारं. महामार्ग आला आणि ती परसदारं झाली. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तेव्हा त्याचं मुख्य ठाणंही ओरोसला, आतल्या बाजूला गेलं.

किनाऱ्याने उभा रस्ता करावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या कारकिर्दीतली : रेवस ते रेडी. खाड्यांवरचे पूल हाच तिचा अवघड भाग, म्हणून तिला इतकी दशकं लागली. आता मोठ्या पुलांची कामं निघाली आहेत. आम्ही पुलांच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. रात्री बाईला कळा सुरू झाल्या आणि पाणी भांगाचं की उधाणाचं हे बघावं लागलं, असा काळ ज्यांनी काढला त्यांना जाऊन विचारा पूल म्हणजे काय ते. तरीचं कौतुक करणं पलीकडे शाळा आणि दवाखाना नसलेल्यांना परवडत नाही.

पण पूल झाला की एक ज्ञान एका पिढीत संपतं, हेही खरं. मुखावरची वाळू यंदा कुठे सरकली हे रोज बघणारा माणूस राहत नाही. आणि आज नेमकं तेच बघायची गरज आहे. तळाशील आणि देवबाग या दोन्ही वस्त्या वाळूच्या जिभांवर आहेत. दोन्ही जिभा उत्तरेकडून दक्षिणेकडे लोंबतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये माड आणि घरं. दोन्हीकडून पाणी जमीन खातंय. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची मागणी होते, दगड पडतात, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच प्रश्न. किनाऱ्याची जुनी ठेवण समजून घ्यायची असेल तर नकाशे लागतात. १८८०च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरसारखे दप्तरी आधार लागतात. १५३८-३९ साली गोव्याहून दीवला जाताना दों जुआंव द कास्त्रोने या किनाऱ्याच्या नोंदी केल्या, तशा खलाशांच्या नोंदीही लागतात. पण या सगळ्या नोंदी करणारे पाहुणे होते, येऊन गेलेले. रोज त्या पाण्यावर असलेल्या माणसाची नोंद कुणीच ठेवली नाही.

तेव्हा मंडळी, शेवटी एक काम सांगतो आणि थांबतो. तुमच्या गावात किंवा आजोळी खाडी असेल, तर तिथली तर कुठून सुटायची ती जागा विचारून घ्या. त्या जागेला नाव असतं, ते लिहा. पलतडीला कुठे लागायची, उधाणाला जागा बदलायची का, पावसाळ्यात कुठून वळसा होता, भाडं रोख होतं की भाताच्या मापाने, देवाच्या पालखीला पैसे घ्यायचे की नाही, हे सगळं लिहा. सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. किल्ला आणखी दोनशे वर्षं थांबेल, दगडाचा आहे. ही माणसं थांबणार नाहीत. आधी त्यांच्याकडे जा, सिंधुदुर्ग नंतर बघू.